ब्रँट रॉक येथील मनोऱ्याचा पाया

अमेरिकेहून परत आलेल्या मनुष्यास आपल्याकडे पहिला प्रश्न नायगाऱ्याच्या धबधब्याविषयीं विचारण्यांत येतो. मलाही तो पुष्कळांनीं विचारला. धबधबा मीं पाहिला; तो मोठा आहे; आणि त्याचीं वर्णनें आजवर इतक्यांनीं लिहिलीं आहेत कीं, त्यांत माझ्या हातून कांहीं भर पडेल असें वाटत नाहीं. आज लिहावयाचें आहे तें एका काँक्रीटच्या पायाविषयीं. बोस्टन शहराच्या आग्नेयेस सुमारें पन्नास किलोमीटरांवर, अटलांटिक महासागराच्या कांठीं, ब्रँट रॉक नांवाच्या लहानशा वस्तींत तो आहे. आपल्याकडील प्रवासी तिकडे सहसा फिरकत नाहींत. मी गेलों याचें कारण असें कीं, छत्तीस वर्षांपूर्वीं मीं वर्गांत एका मुलास चुकीचें उत्तर दिलें होतें, आणि वर त्यास शिक्षाही केली होती.

ती हकीकत आधीं सांगितली पाहिजे.

आमचें गांव पुण्याच्या पूर्वेस, मांजरीच्या बाजूला. माझ्या लहानपणीं पुणें आकाशवाणीचा प्रक्षेपणाचा मनोरा हडपसरला होता. सोलापूर रस्त्यावरच्या त्या थांब्यास लोक अद्यापि ‘आकाशवाणी’ असेंच म्हणतात. आमच्या घरापासून तो मनोरा सरळ रेषेंत पांचएक किलोमीटर असेल. घरीं रेडिओ नव्हता; परंतु माझे थोरले बंधु खटपटी. १९७१ सालीं त्यांनीं एक यंत्र बनविलें. कौलांवरून ताणलेली तांब्याची तार, विहिरीजवळच्या ओल्या मातींत पुरलेली दुसरी तार, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेलें वेटोळें, गव्हाच्या दाण्याएवढा एक जर्मेनियमचा डायोड, आणि जुन्या बाजारांतून आणलेला हेडफोन. यापलीकडे त्यांत कांहीं नव्हतें. बॅटरी नाहीं, घरांत वीज तर नव्हतीच. तरीही त्यांत पुणें केंद्र बोले! हेडफोन पितळी पातेल्यांत ठेवला म्हणजे आवाज थोडा मोठा होई, आणि रात्रीं भांडीं आवरतांना आई त्या पातेल्याशीं कान लावून भजन ऐके. यंत्रास खावयास कांहींच न घालतां तें कसें चालतें, असें ती बंधूंस एकदां म्हणाली होती. बंधु हंसले. उत्तर त्यांनाही येत नसावें.

पुढें जुन्या अकरावीची परीक्षा उतरून मी शिक्षक झालों. घरीं वडिलांपाशीं कौमुदी व तर्कसंग्रह झालेला. शाळेंत मात्र मराठीपासून विज्ञानापर्यंत सर्वच विषय शिकवावे लागत. १९८७ सालीं सातवीच्या वर्गांत ध्वनीचा धडा चालला होता. हवेंतून आवाज सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, हें मीं फळ्यावर लिहिलें. तोंच मागच्या बांकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, मग हडपसरच्या बातम्या आपल्याकडे पंधरा सेकंद उशिरा कां येत नाहींत?”

प्रश्न चोख होता. मुलानें भागाकार करून मग विचारला होता. मीं तत्काळ सांगितलें कीं, रेडिओचा शब्द हवेंतून येत नसून आकाशांतून येतो. नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचाच गुण मानला आहे, आणि म्हणून तर त्यास आकाशवाणी म्हणतात. पाण्यांत लाटेमागून लाट उठते तसा शब्दापासून शब्द उत्पन्न होत जातो, हा वीचीतरंगन्यायही मीं त्यास ऐकविला. मुलगा खालीं बसेना. “आकाश तर इथंही आहे. मग यंत्र नसलं तर कां ऐकूं येत नाहीं?”

वर्ग हंसला. मला वाटलें तो मलाच हंसला. मीं त्या मुलास छडी दिली व तास संपेपर्यंत दाराबाहेर उभें केलें. त्यानंतर वर्षभर त्यानें मला एकही प्रश्न विचारला नाहीं.

‘आकाशवाणी’ हें नांव, जातां जातां सांगावयास हरकत नाहीं, मूळचें म्हैसूरचें आहे. १९३५ मध्यें तेथें एम. व्ही. गोपालस्वामी यांनीं काढलेल्या खासगी केंद्रास तें देण्यांत आलें होतें. नांव सुंदर खरें. पण सुंदर नांवानें मनुष्याची जिज्ञासा कशी निजते, याचें मीच उदाहरण.

असो. २०२३ च्या ऑक्टोबरांत चिरंजीवांकडे बोस्टनजवळ होतों. चिरंजीव संगणकाच्या व्यवसायांत असले तरी त्यांचें शिक्षण विजेच्या शाखेचें. बोलतां बोलतां ही गोष्ट निघाली, तेव्हां ते म्हणाले, “बाबा, तुमच्या त्या मुलाचं उत्तर इथून तासाभराच्या वाटेवर आहे.” दुसऱ्याच दिवशीं, शनिवारीं, आम्ही निघालों. सौ. बरोबर होत्या, त्यांनीं डब्यांत दडपे पोहे घेतले होते, आणि ते पुढें समुद्रकांठच्या वाऱ्यांत फार गोड लागले.

वाटेंत चिरंजीवांनीं मोटारींतला रेडिओ मध्यम लहरींवर लावला. डब्ल्यूबीझेड हें तेथलें जुनें केंद्र, १९२१ पासूनचें; त्याचे मनोरे बोस्टनच्या आग्नेयेस हल या गांवीं समुद्राकांठीं आहेत. त्याची जागा १०३० किलोहर्ट्झवर, म्हणजे त्याची लहर सेकंदास दहा लक्ष तीस हजार वेळां हेलकावते. आम्ही विजेच्या मोठ्या तारांखालून गेलों कीं बातम्या सांगणाऱ्याच्या शब्दांवर भुंग्यांचें थवे बसल्यासारखा गुंजारव होई, आणि तारा मागें पडल्या कीं तो नाहींसा होई. याचेंही कारण चिरंजीवांनीं सांगितलें. तें पुढें येईल.

मीं विचारलें, शब्द सरळ कां पाठवीत नाहींत? मध्यें ही लहर कशास हवी? ते म्हणाले, “पाठवावा तर मनोरा केवढा लागेल?” विजेची लहर प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदास तीन लक्ष किलोमीटर, धांवते. माणसाच्या बोलण्यांतला सेकंदास एक हजार कंपनांचा स्वर घेतला, तर त्या कंपनाची विजेची लहर तीनशें किलोमीटर लांब होईल. आणि लहर नीट फेंकावयास मनोरा तिच्या चतुर्थांशाएवढा लागतो. पंचाहत्तर किलोमीटर उंचीचा मनोरा! शिवाय सर्वांचेच स्वर त्याच टापूंतले. दोन केंद्रें एकदम बोलूं लागलीं तर त्यांना वेगळें काढतां येणार नाहीं. म्हणून भरभर हेलकावणारी, लांबीनें आंखूड अशी एक लहर घ्यावयाची व तिच्यावर शब्द चढवावयाचा. पुणें केंद्राची लहर ७९२ किलोहर्ट्झची. ती सुमारें ३७९ मीटर लांब. तिला पाऊणशें-शंभर मीटरांचा मनोरा चालतो. हिला वाहक लहर म्हणतात.

शब्द चढवावयाचा म्हणजे काय, येथें माझें गाडें अडलें. तेव्हां सौ. मागच्या बैठकीवरून म्हणाल्या, “शंखासारखं असेल.” आमच्या घरीं पूजेच्या वेळीं शंख वाजविण्याचें काम त्यांच्याकडे, आणि लहानपणीं नातवास हंसविण्यासाठीं त्या शंखाच्या तोंडापुढें तळहात नेत व काढीत. शंखाचा सूर तोच राहतो. तळहातानें तो लहान मोठा होतो. चिरंजीवांनीं मोटार बाजूस घेण्याचेंच कायतें बाकी ठेवलें! ते म्हणाले, “आई, हेंच.” वाहक लहर म्हणजे शंखाचा अखंड सूर, बोलणाराचा शब्द म्हणजे तळहात. आवाजाचें कंपन जसें वर जाईल तशी लहरीची उंची वाढावयाची, खालीं येईल तशी कमी व्हावयाची. लहरीच्या हेलकाव्यांची गति मात्र बदलावयाची नाहीं. कागदावर त्या लहरीचें चित्र काढलें तर तिच्या शिखरांवरून जी रेघ ओढावी ती हुबेहूब शब्दाच्या आकृतीची येते. विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत यास परमप्रसर विरूपण म्हटलेलें असतें. परमप्रसर ठीक, पण विरूपण हा शब्द माझ्या कानांस रुचत नाहीं. विरूप म्हणजे कुरूप. ज्या लहरीस वाणी मिळाली तिला विरूप कां म्हणावें? परंतु शब्द रूढ आहे, आणि रूढीपुढें व्याकरण दुबळें.

ब्रँट रॉक येथें पोहोंचलों तेव्हां अकरा वाजले होते. समुद्र करडा, वारा बोचरा, लाटा अडविण्यासाठीं बांधलेली भिंत, तिच्यामागें लांकडी घरांची ओळ. उन्हाळा संपल्यामुळें बरींच घरें बंद दिसलीं. पाया ज्या टोकावर आहे तें खासगी आवार आहे. उन्हाळ्यांत तेथें चाकांच्या घरांतून मंडळी येऊन राहतात. परवानगी विचारून आम्ही आंत गेलों.

येथें १९०५ सालीं ४२० फूट उंचीचा पोलादी नळीचा मनोरा उभा राहिला. तो तारांनीं ताणून धरलेला असून तळाशीं विजेच्या दृष्टीनें जमिनीपासून वेगळा केलेला होता. उभारणारा गृहस्थ रेजिनाल्ड ऑब्री फेसेंडेन. जन्म १८६६, कॅनडांतील क्वीबेक प्रांतांत; कांहीं काळ एडिसनच्या हाताखालीं, पुढें प्राध्यापक, पुढें सरकारी हवामान खात्यांत. त्या काळीं बिनतारी संदेश पाठवीत ते ठिणग्यांनीं. ठिणगी म्हणजे घंटेवरचा टोला: नाद उठतो व विरतो, पुन्हां टोला, पुन्हां विरणें. असल्या टोल्यांनीं तारायंत्राचा कडकट्ट पाठवितां येतो; पण तुटक सुरावर शब्द कसा चढवावा? २३ डिसेंबर १९०० रोजीं पोटोमॅक नदींतील कॉब बेटावर फेसेंडेननें तसा यत्न केला. ठिणग्या सेकंदास दहा हजारांपर्यंत नेऊन त्यानें सुमारें एक मैलावरच्या आपल्या मदतनिसास, तिकडे बर्फ पडत आहे काय, असें विचारलें. शब्द कळले, पण त्यांच्याभोंवतीं खरखराट भयंकर होता. मला या प्रश्नाचें कौतुक वाटतें. जगांत पहिल्यानेंच बिनतारी बोलावयास मिळालें, तर मनुष्यानें घोषणा न करतां हवापाणी विचारलें!

अखंड सूर पाहिजे हें त्यानें ओळखलें, आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून तसें विद्युज्जनित्र मागितलें. तें काम अर्न्स्ट अलेक्झांडरसन या स्वीडनमध्यें जन्मलेल्या अभियंत्याकडे आलें. घरांतली वीज सेकंदास पन्नास वेळां हेलकावते. फेसेंडेनला हवी होती ती पन्नास हजारांच्या घरांतली. १९०६ मध्यें तें यंत्र ब्रँट रॉकला आलें. मग त्यानें केलें काय, तर यंत्रापासून मनोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेंतच कार्बनचा मायक्रोफोन बसविला. कालव्याच्या मोरीवर झडप असावी तसा. बोललें कीं आंतली कार्बनची पूड दाबली जाई व सुटे, आणि त्या मानानें मनोऱ्याकडे जाणारा प्रवाह कमी-अधिक होई. सर्व शक्ति त्या बिचाऱ्यांतून जात असल्यामुळें तो तापत असे. २१ डिसेंबर १९०६ रोजीं त्यानें तज्ज्ञ मंडळींस बोलावून येथून अकरा मैलांवरच्या प्लिमथ गांवापर्यंत भाषण ऐकविलें.

त्यानंतर तीन दिवसांनीं, नाताळच्या आदल्या रात्रीं, त्यानें येथून समुद्रावरील जहाजांसाठीं गाणें, व्हायोलिन व धर्मग्रंथाचें वाचन प्रक्षेपित केलें, अशी कथा सर्वत्र सांगतात. आणि रेडिओचा जन्म त्या रात्रींचा मानतात. चिरंजीवांनीं ती मोठ्या प्रेमानें सांगितली. परंतु या कथेचा आधार काय, तर खुद्द फेसेंडेननें १९३२ सालीं, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, लिहिलेलें एक पत्र. शोधकांनीं जहाजांच्या रोजनिशा धुंडाळल्या. त्या रात्रीचा उल्लेख मिळाला नाहीं. आमच्याकडे पौराणिक लोक ऐतिह्य म्हणून एक प्रमाण मानतात, नैयायिक त्यास स्वतंत्र प्रमाण मानीत नाहींत. मीं नैयायिकांचें ऐकलें. नाताळची रात्र बाजूस ठेवली तरी २१ तारखेचा प्रयोग उरतोच, आणि तो लहान नाहीं.

पायाजवळ उभें राहून पाहण्यासारखें फारसें नाहीं. मनोरा केव्हांच गेला. काँक्रीट आहे, भोंवतीं गवत, आणि चोहोंकडे वारा. सौ. दोन मिनिटांत मोटारींत जाऊन बसल्या. मी मात्र थांबलों, कारण त्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अजून व्हावयाचें होतें: यंत्रावांचून ऐकूं कां येत नाहीं?

चिरंजीवांनीं वाळूंत काठीनें लहर काढून दाखविली. मुळांत ही लहर हवेची नव्हेच. ती प्रकाशाची बहीण, आणि तिला कान नाहीं. बरें, तारेंत पकडून तिची वीज हेडफोनमध्यें सोडली तरी ती सेकंदास लक्षावधि वेळां जितकी पुढें ढकलते तितकीच मागें ओढते. पडदा बिचारा कोणाचें ऐकणार? तो जागचा हालत नाहीं. आतां वाटेंत अशी वस्तु ठेवा कीं जी वीज एकाच दिशेनें जाऊं देते. खालचा अर्धा भाग छाटला गेला, वरचीं शिखरें तेवढीं राहिलीं. आतां ढकलणें आहे, ओढणें नाहीं. आणि ढकलण्याचा जोर शिखरांच्या रेघेप्रमाणें, म्हणजेच बोलणाराच्या शब्दाप्रमाणें, कमी-जास्त होतो. पडदा त्याबरोबर हालूं लागतो. बंधूंच्या यंत्रांतला गव्हाएवढा दाणा हेंच एक काम करी. आणि पडदा हालविण्याची शक्ति? ती हडपसरहूनच येत होती. आईच्या प्रश्नाचें उत्तर मला तिच्या मागें पंधरा वर्षांनीं, परक्या समुद्राच्या वाळूंत मिळालें.

तारांखालचा गुंजारवही आतां उलगडला. ज्या लहरीचा सर्व अर्थ तिच्या उंचींत आहे तिच्यावर दुसऱ्या कोणत्याही ठिणगीनें किंवा विजेच्या लोळानें उंची वाढविली, तर यंत्र तीही शब्द समजूनच ऐकवितें. या खोडीवर उपाय म्हणून आर्मस्ट्राँग यानें १९३३ मध्यें उंची तीच ठेवून हेलकाव्यांची गति बदलण्याच्या पद्धतीचीं पेटंटें मिळविलीं. आजच्या एफएमची तीच रीत.

मोटारींत परतल्यावर, पोहे खातांना, त्रिकोणमितींतील गुणाकाराचें सूत्र मीं कागदी रुमालावर मांडून पाहिलें. ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीवर एक किलोहर्ट्झचा स्वर चढविला, तर गणितानें ती एक लहर राहत नाहीं. ७९१, ७९२ व ७९३ अशा तीन निघतात. मधली, वाहक, होती तशीच. तिच्यांत शब्दाचा लेश नाहीं. शब्द आहे तो दोन बाजूंच्या लहरींत, आणि तोच दोहोंतही. शक्तीचा हिशेब केला तर लहर पुरेपूर भरली असतांही तीन भागांपैकीं दोन भाग मधल्या मुकीकडे जातात, उरलेला एक बाजूच्या दोघी वांटून घेतात. मला हें पटेना, पुन्हां केलें, तेंच आलें.

पुढच्या आठवड्यांत एका जुन्या विद्यार्थ्याकडून त्या मुलाचा दूरध्वनि मिळविला. ‘मुलगा’ आतां पन्नाशीकडे झुकला असून मोटारींची गुंडाळी भरण्याचें दुकान चालवितो. आमची सकाळ, त्याची संध्याकाळ. मीं नांव सांगितलें, त्यानें ओळखलें. मीं वर्गांतल्या त्या दिवसाची आठवण काढली आणि छडीबद्दल खेद वाटतो असें म्हटलें. त्यास छडी आठवत नव्हती. “छड्या पुष्कळ झाल्या, गुरुजी.” प्रश्न मात्र आठवत होता. मग मीं त्यास शंख, तळहात, डायोड, सर्व सांगितलें. पांच किलोमीटर यावयास त्या लहरीस सेकंदाचा साठ हजारावा भाग लागतो हेंही सांगितलें. तो मधून मधून हं म्हणे. तीन लहरींचा हिशेब आला तेव्हां मात्र त्यानें मला थांबविलें.

“गुरुजी, जी लहर कांहींच बोलत नाहीं तिच्यावर एवढी वीज कां जाळायची? ती घरीं ठेवावी, बाजूची एक तेवढी पाठवावी.”

मला उत्तर येत नव्हतें. मीं तसें सांगितलें, आणि विचारून कळवितों म्हटलें.

रात्रीं चिरंजीव म्हणाले, प्रश्न अगदीं बरोबर आहे, आणि तसें करतातही. १९२७ मध्यें लंडन व न्यूयॉर्क यांमध्यें बिनतारी टेलिफोन सुरू झाला, तेव्हां वाहक लहर व एक बाजू गाळून उरलेली एकच बाजू पाठवीत. जहाजांच्या संभाषणांतही ती रीत आहे. पण मग ऐकणाराच्या यंत्रास ती गाळलेली लहर स्वतः निर्माण करावी लागते, आणि अगदीं बेतशीर जुळवावी लागते. तसें यंत्र महाग. तुमच्या काकांच्या डायोडला तें जमलें नसतें. पातेल्यांत नुसती किलबिल ऐकूं आली असती. मधली मुकी लहर बरोबर आली म्हणूनच तो एक दाणा पुरला.

दुसऱ्या दिवशीं मीं पुन्हां दूरध्वनि केला व हें सांगितलें. मागें कोठें तरी हातोडा चालला होता; तो थांबला.

“म्हणजे खर्च सगळा मनोऱ्याकडे,” तो म्हणाला. “बरोबर आहे. मनोरा एक, घरं हजार.” मग थोडा थांबून, “गुरुजी, गिऱ्हाईक आलंय. ठेवूं?”